साओ पावलोला उतरायचं, नातालहून बस धरायची : ब्राझील फेरीच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५

वही आजपासून सुरू. चार वर्षं नुसतं बोलतोय, मी आणि माझा मावसभाऊ, की एकदा ब्राझील बसने फिरायचं, पण कागदावर काहीच आलं नव्हतं. परवा वर्ल्ड कपचा ड्रॉ झाला, ब्राझीलच्या ग्रुपमध्ये मोरोक्को, हैती आणि स्कॉटलंड, मॅचेस १३, १९ आणि २४ जूनला, आणि भाऊने मध्यरात्री फोन केला की मॅच अमेरिकेत असली तरी आपण ती ब्राझीलमध्ये बघायची, रस्त्यावर, तिथल्या लोकांत बसून. मी हो म्हटलं. माझं गेस्टहाऊसचं काम मेअखेर संपतं, पाऊस लागला की गोव्यात मांद्र्याला कोण येतंय, ऑक्टोबरपर्यंत मी मोकळी. तो बिनपगारी सुट्टी काढणार. पुढच्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १४ सप्टेंबरला आहे, त्याच्या कितीतरी आधी परत येऊ.

माझं कारण मात्र फुटबॉल नाही. आमची डिचोलीजवळ काजूची छोटी बागायत आहे, लहानपणापासून मार्च-एप्रिल म्हणजे बोंडू, काजूची फळं, गोळा करणं आणि बिया पिळून काढणं. ब्राझीलच्या ईशान्य टोकाला नाताल शहर आहे, त्याच्याजवळ पिरांजीला काजूचं एकच झाड साधारण ८,५०० चौरस मीटरवर पसरलेलं आहे. फांद्या वजनाने खाली येतात, मातीला टेकल्या की तिथे मुळं धरतात आणि पुन्हा वर उठून पुढे सरकतात, १९९४ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. काजू आपल्याकडे आला तो तिथूनच, पोर्तुगीजांच्या जहाजातून, आणि नावसुद्धा तिथल्या तुपी लोकांचं, अकाजू. ते झाड मला बघायचंच आहे.

१९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिनाची सुट्टी असली तरी आमच्याकडे गेस्टहाऊस फुल्ल, रात्री अकराला नकाशा उघडला. पहिला प्लॅन असा: साओ पावलो, इग्वासू धबधबा, रिओ, ओरो प्रेतो, ब्राझीलिया, सालव्हादोर, रेसिफे, नाताल, फोर्तालेझा, बेलें आणि शेवटी मनौस. सहा आठवडे. लिहिताना छान वाटलं.

मग मापं काढली. ब्राझील ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीच पटीपेक्षा जास्त. हे नुसतं वाचून काही होत नाही म्हणून दुसरं माप घेतलं: एकटं बाहिया राज्य साडेपाच लाखांच्या वर, त्यात अख्खा महाराष्ट्र, अख्खं कर्नाटक आणि आपला गोवा मावून वर जागा उरते. रिओ ते सालव्हादोर साधारण १,६५० किलोमीटर, बसला अठ्ठावीस तासांच्या आसपास. आणि तो नकाशावर बोटाएवढा तुकडा आहे.

४ जानेवारी २०२६

मनौस काढलं. आधी वाटलं होतं की रस्ता लांब असेल पण असेल. रस्ता आहे, पोर्तो व्हेल्योहून मनौसला जाणारा बीआर-३१९, साधारण ९०० किलोमीटर, पण मधला सुमारे ४०० किलोमीटरचा पट्टा कच्चा, पावसात चिखल. लोक खरं तर बेलेंहून नदीतून जातात, बोटीत हॅमॉक बांधून, प्रवाहाच्या उलट पाचेक दिवस. खूप मन झालं. पण तो वेगळा प्रवास आहे, तो बसच्या प्रवासाच्या शेपटीला बांधून त्याचाही अपमान आणि ह्याचाही. बेलें आणि फोर्तालेझा त्याच्याबरोबर गेले.

भाऊला सांगितलं, तो म्हणाला मनौस गेलं तरी चालेल, इग्वासू जाता कामा नये.

१८ जानेवारी

आज बाबांना प्लॅन दाखवला. बाबा डिचोली-पणजी रूटवर स्वतःची बस चालवतात, त्याआधी खनिजाचा ट्रक होता, २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक बरेच महिने दारात उभा राहिला आणि शेवटी मिळेल त्या भावाला विकून बस घेतली. त्यांनी कागद पाच मिनिटं बघितला आणि एकच विचारलं, ह्यातल्या रात्री किती?

मी किलोमीटर मोजले होते, तास मोजले होते, रात्री मोजल्या नव्हत्या. ते म्हणाले, ‘बाय, रस्ता किलोमीटरने दमवत नाही, रात्रीने दमवतो. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये काढल्यास तर तिसऱ्या दिवशी तू गाव बघत नाहीस, फक्त झोपायला जागा बघतेस.’ मग दोघांनी बसून मोजलं तर माझ्या प्लॅनमध्ये नऊ रात्री बसमध्ये होत्या आणि त्यातल्या दोन ठिकाणी लागोपाठ. त्यांनी तीन नियम घातले, मी तसेच उतरवून घेतले. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये नको. आलेल्या रस्त्याने मागे फिरायचं नाही. आणि विमान पकडायच्या आधीचा टप्पा लहान हवा, कारण लांबची बस उशीर करणारच आणि विमान थांबणार नाही.

दुसरा नियम इग्वासूच्या मुळावर आला. साओ पावलोहून फोझ दो इग्वासू एक हजार किलोमीटरच्या वर, सोळा-सतरा तास, आणि परत तेच सोळा-सतरा तास. भाऊला अजून सांगितलेलं नाही.

२१ जानेवारी

सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. त्याचं बरोबर आहे, २७५ धारा एकत्र पडताना बघायच्या हे त्याचं शाळेपासूनचं स्वप्न, भूगोलाच्या पुस्तकातला फोटो त्याने कापून ठेवलेला. मी म्हटलं तुझा धबधबा कापला तर माझंही काहीतरी कापते, आणि शापादा द्यामांतिनाचा डोंगराळ भाग काढला, सालव्हादोरहून सात तास आत आणि तेवढेच परत, मला तिथे चार दिवस चालायचं होतं. दोघांचं एकेक गेलं. ब्राझीलिया तर कोणी भांडलंच नाही.

८ फेब्रुवारी

आज प्लॅन उलटा झाला, अक्षरशः. झालं असं की वाड्यावरच्या भाईंकडे पोर्तुगीज शिकायला जातोय, वय ऐंशीच्या पुढे, पोर्तुगीज काळात पणजीला शिकलेले, अजून कविता पाठ आहेत. बोलता बोलता सांजावाचा, म्हणजे आपल्याकडच्या सेंट जॉनच्या सणाचा, विषय निघाला, २४ जून, डोक्याला पाना-फुलांचं कोपेल, म्हणजे मुकुट, घालून विहिरीत उड्या. भाईंनी विचारलं तुम्ही त्या दिवशी तिकडे कुठे असणार? कागदावर आम्ही त्या दिवशी रिओ आणि ओरो प्रेतोच्या मध्ये कुठेतरी बसमध्ये.

आणि तोच सण, साओ जुआंव, ईशान्य ब्राझीलमध्ये वर्षातला सगळ्यात मोठा आहे. काम्पिना ग्रांजी आणि कारुआरू ही दोन शहरं आपलाच सण मोठा म्हणून एकमेकांशी चढाओढ करतात, महिनाभर चालतं, शेकोट्या, मक्याचे पदार्थ, अकॉर्डियनवर फोर्रो नाच. आपल्याकडे तो पाण्याचा सण झाला कारण इथे जून म्हणजे पाऊस आणि विहिरी भरलेल्या, तिकडे शेकोटीचा आणि मक्याच्या कापणीचा. आणि २४ जूनलाच संध्याकाळी ब्राझील-स्कॉटलंड. भाऊ उभाच राहिला.

म्हणजे जूनमध्ये ईशान्येला असायला हवं, जुलैमध्ये दक्षिणेला. साओ पावलोला उतरायचं, तिथून देशातलं विमान घेऊन थेट नाताल, आणि बसने खाली खाली येत पुन्हा साओ पावलो. बाबांचा तिसरा नियमही बसला, कारण शेवटचा टप्पा रिओ आणि साओ पावलोच्या मधल्या परातीहून साओ पावलो, फक्त सहा तास. आधीच्या प्लॅनमध्ये शेवट नातालला होता आणि परत यायला तीन हजार किलोमीटर, हे आम्हाला महिनाभर दिसलंच नव्हतं.

एक वाईट वाटलं. तिकडे काजूचा हंगाम वर्षाच्या शेवटी असतो, जूनमध्ये झाडाला बोंडू नसणार. असू दे. झाड तर असेल.

१ मार्च

भाषा. भाईंचं पोर्तुगीज लिस्बनचं आहे, ब्राझीलचं वेगळं, हे आम्हाला व्हिडिओ बघताना कळलं. भाईंनी बसला शिकवलं ‘ऑतोकार्रु’, ब्राझीलमध्ये म्हणतात ‘ओनिबुस’. ट्रेनला इकडे ‘कोंबॉयु’, तिकडे ‘त्रें’. भाई ‘बों दिया’ म्हणतात, तिकडे ‘बों जिया’. आणि शब्दाच्या सुरुवातीचा र तर चक्क ह होतो, रिओचं ‘हिउ’, रोदोविआरिया म्हणजे बस स्टँड, त्याचं ‘होदोविआरिया’. भाईंना सांगितलं तर त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट वहीत दोन रकाने करायला लावले, एक त्यांचा, एक तिकडचा, आणि दुसरा रकाना ते स्वतः पाठ करतायत.

सोपं जाणारं पण बरंच आहे. बटाट, चावी, पाव, हे आपल्या तोंडात आहेतच. भाऊ म्हणतो जेवण आणि खोलीची किल्ली मिळाली की बाकी हातवारे.

१५ मार्च

बस क्लास. हे नीट लिहून ठेवते कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात. कॉन्व्हेन्सिओनाल म्हणजे साधी, त्याच्या वर एक्झेकुतिव्हो, मग सेमी-लेतो, सीट बरीच मागे जाते आणि पायाला आधार, एका रांगेत दोन-दोन सीट. मग लेतो, एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक, जवळजवळ झोपता येतं. आमचं ठरलं: दिवसा कॉन्व्हेन्सिओनाल, रात्री सेमी-लेतो, आणि सगळ्यात लांब रात्रीला, पोर्तो सेगुरो ते बेलो होरिझोंते, लेतो. बाबांचं म्हणणं चाकावरची सीट नको आणि संडासाजवळची तर नकोच, तिकडच्या बसमध्ये संडास मागे असतो.

सामान पोटात ३० किलो आणि हातात ५ किलोपर्यंत चालतं, आमच्या बॅगा बारा-बारा किलोच्या वर जाणार नाहीत. बॅग ठेवताना चिठ्ठी मिळते तिचा अर्धा भाग आपल्याकडे, तो हरवला तर उतरताना भांडण. पासपोर्ट आणि पैसे कायम अंगावर. एसी खूप थंड असतो म्हणून शाल हातात.

रात्रीची बस धाब्यावर थांबते तिथे जेवण बऱ्याचदा वजनावर असतं, ताट भरायचं आणि काट्यावर ठेवायचं. काही ठिकाणी आत जातानाच एक कार्ड देतात, जे काही खाल ते त्यावर चढतं आणि बाहेर पडताना पैसे. ते कार्ड जिवापाड जपायचं.

२९ मार्च

बुकिंगचा त्रास झाला. तिकडच्या बहुतेक बस साइट सीपीएफ नंबर मागतात, तो ब्राझीलच्या लोकांचा कर नंबर, आपल्या पॅनसारखा. एका साइटवर पासपोर्टचा पर्याय दिसला म्हणून काम्पिना ग्रांजीचं तिकीट काढायला गेले, शेवटच्या पानावर पुन्हा सीपीएफ मागितला आणि तिकीट नाही पण पैसे अडकले. नऊ दिवसांनी परत आले. ते नऊ दिवस मी फार चिडचिडी होते, आईला उगाच बोलले.

ठरवलं: तिकीट स्टँडवर काउंटरलाच काढायचं, पासपोर्ट दाखवून, गावात पोचल्या दिवशी पुढच्या टप्प्याचं. हे धाडस वाटत नाही त्याचं कारण तिकडचा कायदा प्रवाशाच्या बाजूचा आहे. २००९ च्या कायद्याने बसचं तिकीट काढल्यापासून वर्षभर चालतं, तारीख बदलून घेता येते, आणि सुटण्याच्या तीन तास आधीपर्यंत रद्द करून पैसे मागता येतात. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले असं आपल्याकडे हवं. बसवाल्याने हे म्हणावं ह्याचं मला फार बरं वाटलं.

राहण्याचं मात्र २२ ते २५ जूनचं काम्पिना ग्रांजीचं आत्ताच बुक केलं. सांजावाला उशीर करणाऱ्याला तिकडे खोली मिळणार नाही.

१२ एप्रिल

बोंडवांचे दिवस, सकाळी बागायतीत आणि दुपारी गेस्टहाऊसमध्ये, वहीला हात लागला नाही. व्हिसाचे कागद मुंबईच्या वाणिज्य दूतावासासाठी पूर्ण केले, बँकेचं स्टेटमेंट, सुट्टीचं पत्र, फिरण्याचा तक्ता. तक्ता करता करताच बाकीच्या जागा पक्क्या झाल्या.

१२ जूनला साओ पावलो, १३ ला नाताल, त्याच संध्याकाळी मोरोक्कोची मॅच. नातालला आठवडाभर, १९ ची हैतीची मॅच पण तिथेच, पिरांजीला मी दोनदा जाणार, एकदा भाऊबरोबर आणि एकदा एकटी. मग जुआंव पेसोआ, तीन तास. तिथून काम्पिना ग्रांजी, दोन तास. मग रेसिफे आणि चिकटून असलेलं ओलिंदा. रेसिफेचा स्टँड गावाबाहेर आहे पण मेट्रो तिथपर्यंत जाते. त्या किनाऱ्यावर जूनमध्ये पाऊसच असतो, रेनकोट सगळ्यात वर ठेवायचा.

रेसिफेहून पहिली रात्रीची बस, सालव्हादोरला ३० जून. ही तारीख मुद्दाम. २ जुलै हा बाहियाचा दिवस, १८२३ मध्ये त्या दिवशी पोर्तुगीज फौजा सालव्हादोर सोडून गेल्या, शहरभर मिरवणूक निघते. ब्राझीलने स्वातंत्र्य १८२२ मध्ये जाहीर केलं तरी बाहियात लढाई जवळजवळ आणखी वर्षभर चालू होती. भारत १९४७ ला स्वतंत्र झाला आणि गोवा १९६१ ला, त्यामुळे ही तारीख मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुढे पोर्तो सेगुरो, रात्रभर. कॅब्राल १५०० साली भारताकडे निघालेला आरमार घेऊन तिथल्या किनाऱ्याला लागला आणि मग पुढे कालिकतला गेला. आम्ही भारतातून जाऊन तिथे दोन दिवस समुद्रात पाय टाकून बसणार.

२६ एप्रिल

बाबांनी स्वतःहून विचारलं की त्या मिनास जेराइसमध्ये लोखंडाच्या खाणी आहेत ना. नावच ते, मिनास जेराइस म्हणजे सर्वसाधारण खाणी. ओरो प्रेतो सोन्यावर उभं राहिलं, १९८० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि आजूबाजूला आज लोखंड. शेजारीच मारियाना, तिथे ५ नोव्हेंबर २०१५ ला खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, १९ माणसं गेली, खालचं गाव चिखलात गेलं आणि गाळ नदीतून समुद्रापर्यंत पोचला. २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमाजिन्योला पुन्हा तेच, २७० माणसं.

बाबांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी ट्रकवर असताना पावसात खाणीचं लाल पाणी शेतात उतरताना बघितलंय, आणि खाण बंद झाल्यावर घरात पैसे नसणं पण बघितलंय. म्हणाले, ‘मारियानाला जा, आणि ट्रकवाले भेटले तर बोल त्यांच्याशी, कुठले ट्रक, किती फेऱ्या, काय भाव.’ एक दिवस होता तिथे दोन केले, रिओचा एक कमी केला. आता ओरो प्रेतोला ९ ते १३ जुलै. जुलैत तिथे रात्री दहा अंशांच्या आसपास थंडी, गाव हजार मीटरच्या वर आहे, म्हणून स्वेटर दोघांचे.

१० मे

व्हिसा आला. दोघांचा. विमानाची तिकिटं त्याच संध्याकाळी काढली, जायचं ११ जून, यायचं २० जुलै. १९ जुलैला फायनल आहे आणि आम्ही साओ पावलोत असू.

पैशाचा हिशेब: तिकडे माणशी दिवसाला २२० रेआल, म्हणजे तिकडचं चलन, धरलेत, बस आणि झोपणं सगळं त्यात. रात्रीची बस म्हणजे एका खोलीचे पैसे वाचतात. तरी रात्री वाढवायच्या नाहीत, नवाच्या चार झाल्यात त्या चारच राहणार.

२३ मे

यलो फीव्हरची लस आज मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात घेतली, पिवळं कार्ड मिळालं. एकच डोस, आयुष्यभर चालतो, पण दाखला दहा दिवसांनंतरच धरतात म्हणून फार पुढे ढकलून चालणार नव्हतं. ब्राझीलला जाताना लागेल म्हणून नाही तर परत येताना भारतात लागतं: रोग आपल्याकडे नाही पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून कार्ड नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. भाऊचा हात दुखतोय, माझा नाही.

बागायत संपली, फेणीची भट्टी थंड झाली. शेवटची नीरो, म्हणजे बोंडवांचा ताजा रस, भाईंना दिली.

३१ मे

उरलेलं: बॅगेची कुलपं, दोन पासपोर्टच्या झेरॉक्स, भाऊचे बूट, आईची औषधं दीड महिन्याची भरून ठेवणं. बाबांनी फिरण्याचा तक्ता बसमध्ये लावायला मागितला, ड्रायव्हर सीटच्या वर, देवाच्या फोटोच्या बाजूला. मी प्रिंट काढून दिला तर परत आणून दिला, म्हणाले तिकडची वेळ मला काय कळणार, इकडची लिही. तिकडे आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. म्हणून आज बसून सगळे टप्पे पुन्हा लिहिले, रेसिफेहून संध्याकाळी सहाच्या सुमाराची बस म्हणजे इकडे पहाटेचे अडीच, आणि सालव्हादोरला सकाळी साडेसात म्हणजे दुपारचे चार, तेव्हा ते पणजीच्या स्टँडवर डिचोलीची पाटी लावून उभे असतील.